चुना चांगला घोटला आहे

मी त्या माणसाला एवढंच म्हटलं होतं, "काका, भिंतीला हात नका लावू." आवाज चढवला नव्हता. जवळ जाऊन, हळू, वर्गातल्या एखाद्या शहाण्या मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं. त्यांनी लगेच हात काढला, माझ्याकडे पाहून मान हलवली. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, उजव्या हातानं डावं मनगट धरलं आणि पुढचा पाऊण तास ते त्या वाड्यात तसेच फिरत राहिले. या दालनातून त्या दालनात, जिना चढताना, अगदी उतरतानासुद्धा. ऐंशीच्या घरातला माणूस, जुन्या वाड्याचा उभा जिना, आणि कठड्याला हात नाही. मी खाली चौकात उभी राहून त्यांची एकेक पायरी पाहत होते. पडतील की काय म्हणून जीव वर-खाली होत होता, आणि "काका, कठड्याला धरा" एवढं म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

मागच्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. पोळा दोन दिवसांवर आला होता. शाळा सुटल्यावर सीताबर्डीहून मेट्रो धरली आणि चितार ओळी चौकाला उतरले. गाडीत त्या स्टेशनाचं नाव पुकारलं जातं तेव्हा मला दर वेळी बरं वाटतं. नागपुरात कितीतरी नावं बदलली, जुम्मा तलावाचा गांधीसागर झाला, जुम्मा दरवाजाचं गांधी गेट झालं. पण मूर्ती घडवणारे, रंगवणारे चितारी ज्या ओळीत राहतात त्या ओळीचं नाव एका बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात रोज शेकडो वेळा उच्चारलं जातं. स्टेशनातून खाली आलं की सेंट्रल अव्हेन्यूचा गोंगाट, आणि तो ओलांडून महाल नावाच्या जुन्या वस्तीकडे वळलं की पहिल्यांदा वास येतो. ओल्या मातीचा, तणसाचा, तैलरंगाचा. गणपती आठवड्यावर आले होते. ताडपत्रीखाली मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या, काही नुसत्या मातीच्या करड्या, काही पांढऱ्या, काहींना रंग चढलेला, पण डोळे मात्र बहुतेकांचे बाकी. मध्ये एकच माणूस जाईल एवढी वाट. पावसाची भुरभुर चालू होती आणि एक मुलगा टेबल फॅन हातात धरून एका गणपतीच्या सोंडेवर वारा घालत होता. मी अंग चोरत तिथून निघाले. त्या वाटेवरही मला कशालाच हात लागू द्यायचा नव्हता.

वाडा महालातच आहे. भोसल्यांच्या एका सरदार घराण्याचा. नाव घेत नाही. महालातल्या माणसाला ते सांगावं लागणार नाही, आणि इतरांना घेऊन उपयोग नाही. आमच्या लहानपणी तो वापरात होता, मग भावकीत वाटण्या झाल्या, पुढचा भाग एका गोदामाला दिला गेला, मागच्या भिंतीत पिंपळ उगवला. पुढे बरीच वर्षं दिंडी दरवाजाला कुलूप होतं. मग त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीनं मनावर घेतलं, काम सुरू झालं. तीन पावसाळे बांबूच्या परांच्या बांधलेल्या दिसायच्या. आता तिथे चित्रप्रदर्शनं भरतात, चौकात गाणं होतं, आणि आत जायला पैसे पडत नाहीत.

या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, तो आधी सांगते. आत पाऊल टाकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. देवडीतून वाकून आत शिरलं की चौक, चौकाच्या चारी अंगांना सागवानी सुरूदार खांब, खांबांवर केळफुलं, त्यावर तुळया. हे खांब मी हिरव्या ऑइलपेंटखाली पाहिले होते. आता सगळा पेंट खरवडून लाकूड उघडं केलं होतं आणि तेल पाजलं होतं, त्याचा किंचित कडसर वास येत होता. भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा पूर्ण काढून पुन्हा चुना केलेला. दारातल्या फलकावर त्याची सगळी कृती लिहिली होती आणि मी ती पाककृतीसारखी उभ्यानं वाचली. कळीचा चुना विझवायचा, पाण्याखाली मुरू द्यायचा, वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. अंगावर थर चढले की शेवटचा हात अगदी तलम चुन्याचा, आणि तो गुळगुळीत दगडानं घोटत राहायचं, तो आपण होऊन चमकेपर्यंत. सिमेंट का काढलं तेही लिहिलं होतं. जुन्या भिंतीत ओल असतेच, चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडतं, आणि मग आतली वीट भुगा होते, तुळईचं टोक कुजतं. चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत पीत वर्षानुवर्षं हळूहळू पुन्हा दगड होत जातो. ज्या चुनखडीतून तो भाजून काढला, तीच चुनखडी. हे मला माहीत नव्हतं. मी बावीस वर्षं इतिहास शिकवते, मुलांना तहांच्या तारखा पाठ करायला लावते, आणि ज्या भिंतींच्या आत ते तह झाले त्या कशाच्या होत्या हे एकदाही सांगितलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या पडवीत जुन्या चित्रांचा एक पट्टा तेवढा शिल्लक आहे. वेलबुट्टी. वीतभर रुंद, फिकट हिरवी पानं, मधूनच एक राघू. वरचे सिमेंटचे थर काढताना तो सापडला. जिथे तुटला होता तिथे नवं चित्र काढून जोडलेलं नाही, नुसता कोरा चुना केला आहे, त्यामुळे वेल मध्येच थांबते आणि दोन हातांवर पुन्हा सुरू होते. बरोबर त्या कोऱ्या जागेवर त्या काकांनी तळवा टेकवला होता. डोळे मिटून नव्हे, उघडेच. पण ते भिंतीकडे पाहत नव्हते, चौकाकडे पाहत होते. ताप पाहायला पोराच्या कपाळावर हात ठेवतो तेव्हा आपण कपाळाकडे कुठे पाहतो? तसे.

आणि मी म्हटलं, हात नका लावू.

माझी आजी या वाड्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. दर चैत्रात वाड्यात गौरीचं हळदीकुंकू असे आणि आजूबाजूच्या सगळ्या बायकांना आवतण असे. आजी मला न्यायची. नागपूरचा चैत्र, बाहेर डांबर पायाला चिकटतंय, आणि देवडीतून आत गेलं की एकदम सावली, ओलसर, वाळ्याची. पन्हं, कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, हातावर अत्तर. बैठकीला वाड्यातल्या आणि त्यांच्या तोलाच्या घरांतल्या बायका, आणि आम्ही चौकाकडच्या सतरंजीवर. कुणी आम्हाला तिथे बसा म्हणून सांगितलेलं मला आठवत नाही. आजी आपण होऊन तिथे जाऊन बसायची आणि पदर सावरायची. यात अपमान आहे हे तेव्हा मला कळलं नाही, आणि आज मागे वळून पाहताना तिच्या चेहऱ्यावरही मला अपमान सापडत नाही, आनंदच दिसतो. तिला ते हळदीकुंकू वर्षभर पुरायचं. पण एक गोष्ट ती निघताना आणि तिथे पोचल्यावर अशी दोनदा सांगायची, "कशाला हात लावायचा नाही." मी एकदा लावला. खांबाआडच्या भिंतीला हात लावला, मग गाल लावला, कारण ती गार होती. माठाला गाल लावल्यासारखी गार. आजीनं मला दंडाला धरून ओढलं आणि कानाशी म्हणाली, "आपल्या हाताचे डाग उठतात." आपल्या. ती कुणाला भ्यायली होती? आमच्याकडे कुणीही पाहत नव्हतं.

ज्या गावात जुना राजवाडाच उरला नाही, त्या गावात असा एखादा वाडा उभा राहतो त्याचं मोल वेगळं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. लोक महालात येतात आणि विचारतात, महाल कुठे आहे? आम्ही नगारखान्याकडे बोट दाखवतो. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामानं नटलेला भोसल्यांचा मोठा राजवाडा १८६४ साली जळाला. राहिला तो मोठा दरवाजा. पण वाडा जळण्याआधी दहा वर्षं तो आतून रिकामा झाला होता, आणि मला नेहमी त्या रिकामं होण्याचाच विचार जास्त येतो. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात गेले, गादीला वारस नाही म्हणून डलहौसीनं १८५४ साली राज्य खालसा केलं. मग लिलाव. सीताबर्डीला हत्ती, घोडे, बैल विकले गेले. दागदागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाड्यातलं सामानसुमान हलवायला आले तेव्हा म्हाताऱ्या बांकाबाईनं, दुसऱ्या रघुजींच्या विधवेनं, सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन, असं बजावल्याचं इंग्रजांच्याच लेखणीनं नोंदवून ठेवलं आहे. सामान तरीही गेलं. तिचा शब्द कुणी मोजला नाही.

आणि आपण नागपूरकर त्या बाईला कसं आठवतो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, एका बाईचा मोठा काळा पुतळा, मिरवत निघते, ती बांकाबाईची म्हणतात, कारण तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली. १८८१ पासून निघते. माझ्या लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीची भेट पाहिली आहे, घसा फुटेस्तोवर ओरडले आहे, "ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत!" त्या काळ्या बाईला जाळताना जे काही अंगात संचारतं ते मी नाकारणार नाही. मिरवणुकीतल्या बडग्यांच्या, म्हणजे बाकीच्या पुतळ्यांच्या, पाट्यांवर लोक जो राग लिहितात तो मला हवा आहे, शहराला तो हवा आहे. पण वर्गात १८५४ शिकवताना मी आता मुलांना दोन्ही गोष्टी सांगते. जिला आपण जाळतो तिनंच 'वाड्यातल्या सामानाला हात लावू नका' म्हणून शेवटचा आवाज काढला होता. एका मुलीनं मागे विचारलं, "मग मॅडम, तिला जाळायचं की नाही?" मी म्हटलं, जा, पण जाताना हे लक्षात ठेव. उत्तर मला स्वतःलाच पुरेसं वाटलं नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी तलवार होती. पहिल्या रघुजींची. सरळ, एकधारी युरोपी पातं, मुठीवर सोन्याची नक्षी, आणि पात्यावर देवनागरीत कोरलेलं 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा'. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर कधीतरी ती परमुलखात गेली असावी. २०२५ च्या एप्रिलात लंडनला लिलावात निघाली आणि राज्य सरकारनं सत्तेचाळीस लाखांवर रुपये मोजून घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत पोचली, ढोलताशे वाजले. मी मोबाइलवर तिचं चित्र बोटांनी मोठं करकरून पाहिलं. ती अक्षरं वाचता आली याचाच केवढा आनंद झाला. आणि आनंदाच्या मागोमाग एक बारीक कळ, की नागपूरची वस्तू, आधी मुंबईत. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी म्हटलं, "आणली हे काय कमी आहे?" बरोबरच होतं त्यांचं. पण लिलावात गेलेलं लिलावातच पैसे मोजून परत घ्यायचं, आणि परत आलेलं काचेपलीकडे पाहायचं, या दोहोंमध्ये काहीतरी हरवतं. तलवार तर हातात धरण्यासाठीच घडवलेली असते. मूठ घडवणाऱ्यानं कुणाच्या तरी तळव्याचं माप घेतलं असेल.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दिवशी वाड्यात फिरत होते. प्रदर्शन विदर्भातल्या चित्रकारांचं होतं. सदरेत मोठे कॅनव्हास, त्यातला एक निव्वळ उन्हाचा, मे महिन्यातल्या दुपारच्या त्या आंधळ्या पांढऱ्या रंगाचा, त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. इतर चित्रांवर फारसं लिहावंसं वाटत नाही. काही मला कळली नाहीत, काही कळली आणि आवडली नाहीत. पण माजघराच्या मागची, पूर्वी जिथे धान्याची बळदं होती ती खोली मात्र विसरता येत नाही. तिथे छतापासून दोऱ्यांना शे-दोनशे धोटे टांगले होते. हातमागाचे खरे, वापरलेले धोटे, इथल्याच कोष्ट्यांच्या घरांतून गोळा केलेले. बोटांनी धरून धरून मध्ये झिजलेले, काळपट, टोकांना लोखंड. वारा आला की एकमेकांवर आपटून टकटक करायचे. ज्या भागात एके काळी गल्लीगल्लीत माग चालायचे, त्या आवाजाची ती आठवण होती. आणि दारात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया हात लावा.' शाळेची काही मुलं आत हुंदडत होती, धोटे हलवत होती, एक मुलगी डोळे मिटून त्यांच्यामधून चालत होती आणि तिच्या डोक्याभोवती नुसती टकटक उठत होती.

ते काका त्या खोलीतही आले. दारातली पाटी त्यांनी वाचली. ओठ हलले, म्हणजे नीट, शब्दन् शब्द वाचली. आत गेले. धोट्यांच्या मधून, अंग तिरकं करत, एकालाही धक्का न लावता पलीकडे गेले. हात पाठीमागेच.

मी निघाले तेव्हा देवडीत ठेवलेल्या वहीत लिहायला थांबले. नाव, पत्ता, अभिप्राय. माझ्या आधीची ओळ ताजी होती, शाई पुसट कापत गेलेली, अक्षर मोठं आणि थरथरतं. नाव मी इथे देत नाही. पत्ता होता 'चितार ओळ'. अभिप्रायाच्या रकान्यात एकच वाक्य, 'चुना चांगला घोटला आहे.' त्याच्या वर-खाली लोकांनी 'अप्रतिम', 'खूप सुंदर उपक्रम', 'मन भारावून गेले' असं लिहिलेलं. मीही तसलंच काहीतरी लिहिणार होते. पेन बंद करून ठेवलं.

त्या रात्री झोप आली नाही. स्वतःशी वाद घालत राहिले. मी चुकीचं काय बोलले? हाताला घाम असतो, घामात क्षार असतात, तेल असतं. चारशे माणसांनी त्या वेलीवर हात फिरवला तर पाच वर्षांत वेल राहणार नाही. अजब बंगल्यात मुलांना नेते तेव्हा मी हेच वाक्य दर दहा मिनिटांनी म्हणते. १८६३ सालचं संग्रहालय अजून उभं आहे ते याच वाक्यामुळे. सगळं खरं. पण त्यांनी वेलीला हात लावला नव्हता, कोऱ्या चुन्याला लावला होता, आणि मी ते पाहिलं होतं. शिवाय मी तिथली कोण? गळ्यात ओळखपत्र लावलेली दोन मुलं होती राखणीला, ती काही बोलली नव्हती. त्या भिंतीची काळजी मला होती हे खरंच. पण जे माझ्या तोंडून निघालं ते काळजीच्या कितीतरी आधी निघालं होतं. माझ्या मागून कुणी पाहतंय का, असं बघून निघालं होतं. तो आवाज मी ओळखला. सतरंजीवरचा.

सावंतवाडीला आम्ही एकदा सुट्टीत गेलो होतो. तेही भोसल्यांचंच संस्थान, पण तिथला राजवाडा जागेवर आहे. तिथे दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसलेले असतात. गोल पानं, दशावतारी गंजिफेची एकशे वीस, प्रत्येकावर नखाएवढा मत्स्य, कूर्म, वराह, आणि खारीच्या केसांसारखा बारीक कुंचला. मुळात ती कला तिथे जवळपास संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ती पुन्हा उभी केली, आणि त्यासाठी ते स्वतः पुंडलिक चितारी नावाच्या वृद्ध कारागिराकडून शिकले. मला त्या वेळी या गोष्टीतलं राजा-राणीचं मोठेपण तेवढं दिसलं होतं. आता त्या पुंडलिक चिताऱ्यांचा विचार येतो. राजवाड्यात पहिल्या दिवशी शिकवायला गेले तेव्हा ते कुठे बसले असतील? रंग कालवून दाखवताना त्यांनी राणीचा हात धरून कुंचला फिरवून दाखवला असेल का? शिकवायचं तर हात धरावाच लागतो. त्या हॉलमध्ये आम्ही पाहुणे उभे होतो आणि ते कारागीर बसून काम करत होते, आणि आमच्यातल्या कुणीही आवाज चढवून बोलत नव्हतं, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

गणपती झाले, देवी झाल्या. कोजागरीनंतर एका शनिवारी मी चितार ओळीत गेले. वाट तीच, फक्त आता ताडपत्रीखाली दिवाळीच्या लक्ष्म्या. वीतभराच्या, हातभराच्या, शेकड्यांनी. दोन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी, "हाताला कंप असलेले म्हातारे काका" म्हटल्यावर एका पोरानं आतल्या बाजूला मान वळवली. ते ओट्यावर बसले होते, मांडीवर हात, आणि पुढ्यात तीन मुलं रंग देत होती. त्यांनी मला ओळखलं नाही. मी वाड्याचं नाव घेतलं, त्या दिवसाची आठवण दिली, आणि पाठ करून गेले होते ते म्हटलं, "काका, मी तुम्हाला हात लावू नका म्हणाले होते. माझं चुकलं."

ते थोडे गडबडले. "नाई जी, चुकलं काय त्याच्यात. मोठ्या लोकाच्या भित्तीले हात लावा लागत नाई."

"तुमच्या घराण्यातल्या कुणी काढली होती का ती वेल?" दोन महिने मी हेच धरून बसले होते, की त्यांच्या आज्यानं, पणज्यानं काढलेली असणार आणि मी नातवाला आज्याच्या कामावरून हात काढायला लावला.

"नाई, नाई. आम्ही मातीवाले. भित्तीवर काढणारे वेगळे होते. ते कुठं गेले, मालूम नाई."

"मग काय पाहत होतात?"

"चुना जिता आहे का मेला, ते पाहून राहिलो होतो." मला कळलं नाही हे त्यांना कळलं. त्यांनी बाजूच्या भिंतीवर, त्यांच्याच खोलीच्या सिमेंटच्या भिंतीवर तळवा ठेवला. हात थरथरत होता. भिंतीला टेकला तसा थांबला. "हे पाहा, हे मेलेलं. उन्हाळ्यात तापते, बरसातीत रडते. जिता चुना असा नसते. तो वल पिते, वल सोडते. भर उन्हाळ्यात गार लागते. तिथला जिता आहे. म्हणून वईत लिवलं. कोणी चांगलं काम केलं त चांगलं म्हणा लागते."

काम कुणी केलं ते त्यांना ठाऊक होतं का, विचारलं. बाहेरगावचे गवंडी होते म्हणाले, काम चालू असताना संध्याकाळी इकडे चहाला यायचे, घाणीला बैल मिळत नाही म्हणून यंत्र लावलं म्हणून हळहळायचे. तीन वर्षं यांनी त्या चुन्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. गणपतीच्या ऐन धांदलीत, "माह्या हाताचं आता काही काम राह्यलं नाई इथं, डोळे पोरं लिवतात," म्हणून ते एका दुपारी उठून तो चुना पाहायला गेले होते.

मग मला म्हणाले, "तुम्ही वाड्यातल्या होय ना?"

"नाही. मीसुद्धा पाहायलाच आले होते. माझी आजी मागच्या गल्लीत राहायची."

"अस्सं." ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मले वाटलं, वाड्यातल्या आहे."

पुढे काय बोलावं ते मला सुचेना. त्यांनाच ते अवघड झालं असावं, नातवाला हाक मारली, "बाईले खुर्ची दे रे." खुर्ची एकच होती आणि तिच्यावर एक लक्ष्मी वाळत ठेवलेली, अजून रंग न लागलेली. पोरानं इकडेतिकडे पाहिलं, जमिनीवर बोटभर जागा नव्हती. त्यानं ती मूर्ती उचलली आणि सरळ माझ्या हातात दिली, आणि खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसायला लागला. मी तिला दोन्ही तळव्यांवर ताटासारखं धरून उभी. माती थंड होती, वाटली त्याहून जड.

"धरा जी नीट," काका म्हणाले. "अशी नाई, कमरेला धरा. वल्ली आहे, पडन."

मी कमरेला धरलं. अंगठ्याखाली माती जराशी दबली.